वर्गातल्या प्रत्येक मुलाला गणित यावं म्हणून तुम्ही काय करता?

गोदाकाठ | १८ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते. शाळा नाशिक जिल्ह्यात, द्राक्षपट्ट्यात. पट बरा आहे, मुलं रोज येतात, पालकही भेटायला येतात. तरी दर जूनमध्ये तीच अडचण समोर उभी राहते, म्हणून हा धागा.

शाळा सुरू झाल्यावर सहावीला थोडी साधी उदाहरणं घातली. त्यातलं एक ५२ − ३८. निम्म्या वर्गाचं उत्तर २६. एका मुलाला जवळ बोलावलं, कसं केलंस सांग बरं म्हटलं. तो म्हणाला, "बाई, दोनातून आठ जात नाहीत. मग आठातून दोन घालवले, सहा राहिले. पाचातून तीन गेले, दोन." अगदी ठामपणे सांगितलं. मी वही मिटली आणि विचारलं, "तुझ्याकडे बावन्न रुपये आहेत, दुकानातून अडतीसचं सामान आणलंस. किती परत आणशील?" लगेच म्हणाला, "चौदा." वही पुन्हा उघडून दोन्ही उत्तरं त्याला दाखवली तर म्हणतो, "ते दुकानातलं आहे बाई, हे गणित आहे."

त्याचं हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

पुस्तकात पुढे पूर्णांक संख्या आहेत, अपूर्णांकांचे गुणाकार-भागाकार आहेत. पोर्शन संपवायचा तर ही निम्मी मुलं मागे राहतात. त्यांच्यासाठी थांबावं तर जी दहा-बारा मुलं तयार आहेत ती कंटाळून जातात. तास एक, शिक्षिका एक. शालेय गणित प्रत्येक मुलाला येऊ शकतं असं मला मनापासून वाटतं. पण ते वर्गात घडवायचं कसं? तुमच्याकडे काय चाललं, काय चाललं नाही, ते सांगा. "क्लास लावा" हे उत्तर आमच्या गावात उपयोगाचं नाही.

---

तिसरीची_आई | १८ जून, रात्री १०.०५

वाचतेय. आमच्या घरी हीच २६ वाली वजाबाकी रोज संध्याकाळी चालते.

---

खडूफळा | १८ जून, रात्री ११.१२

ताई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी सातारा जिल्ह्यात केंद्रप्रमुख होतो, आता निवृत्त आहे. पाहिलेलं सविस्तर लिहितो.

त्या मुलाने स्वतःचा नियम बनवलाय: "मोठ्यातून लहान जातं." दुसरीत बिनहातच्याची वजाबाकी करताना तो नियम प्रत्येक वेळी बरोबर ठरतो. हातचा आला की फसतो. मुलाच्या दृष्टीने ५२ म्हणजे शेजारी-शेजारी उभे असलेले ५ आणि २. पाच दशक आणि दोन सुटे हे त्याला दिसतच नाही. ते दिसल्याशिवाय "शेजाऱ्याकडून उसना घे" असं कितीही वेळा सांगितलं तरी तो मंत्र म्हणूनच पाठ होतो.

त्याला दहा-दहा ठोकळ्यांचे पाच दांडे आणि दोन सुटे ठोकळे द्या. ठोकळे नसतील तर काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि रबरबँड. अडतीस काढून द्यायला सांगा. तो दोन सुटे देईल आणि अडेल. आपण गप्प राहायचं. मदत करायची घाई अजिबात करायची नाही. थोड्या वेळाने तो आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढतो. त्या क्षणी विचारायचं, "आता गठ्ठे किती, सुटे किती?" चार आणि बारा. हेच त्याने त्याच वेळी वहीत मांडायचं, ठोकळे समोर असतानाच. बऱ्याच ठिकाणी इथेच गडबड होते: सोमवारी ठोकळे, गुरुवारी वही, आणि मुलाच्या मनात दोन्हींचा संबंधच लागत नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. रोज एक तास पाचवी-सहावी-सातवी एकत्र करा आणि इयत्ता विसरून मुलांना येतं त्याप्रमाणे बसवा. ही कल्पना माझी नाही. शिक्षणात काम करणाऱ्या प्रथम संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत बालसखी उपक्रम केला होता. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं गावातली, वस्तीतली एक शिकलेली ताई रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची आणि पायाभूत गोष्टी पक्क्या करून घ्यायची. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा काटेकोर अभ्यास केला. सगळ्यात मागे असलेल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला होता. या दोघांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच प्रकारच्या प्रयोगांच्या पद्धतीसाठी.

---

आबा_सोलापूरकर | १९ जून, सकाळी ६.३०

आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन यांचे पाढे. संध्याकाळी परवचा म्हटल्याशिवाय पान वाढत नसत. साताची दिडकी विचारा, आजही झोपेत साडेदहा सांगेन. ठोकळे वगैरे काही नव्हतं. पाठांतर बंद केलं आणि गणित गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

खडूफळा | १९ जून, सकाळी ८.१५

आबा, नमस्कार. पाठांतराला माझा विरोध नाही. भागाकार करताना प्रत्येक पायरीला सात आठे किती हे शोधत बसणारं मूल दमून जातं, मूळ उदाहरण हरवतं. पाढे यायलाच हवेत. पण तुमच्या वर्गात चौथीपर्यंत किती मुलं होती आणि सातवीला किती उरली, तेही आठवून पाहा. ज्यांना पाढे आले नाहीत ती शेतावर गेली. आज ती मुलं शाळेत आहेत, ही मोठीच कमाई आहे, आणि त्यांना शिकवायचं कसं हाच तर धाग्याचा प्रश्न आहे.

पाढा विसरला तर मुलाला परत बांधता यावा एवढंच म्हणणं. सात चोक अठ्ठावीस येतं? मग त्याची दुप्पट छप्पन्न, तेच सात आठे. असं वर्षभर केलं की पाढा पाठही होतो आणि विसरण्याची भीती जाते.

---

आबा_सोलापूरकर | १९ जून, सकाळी ८.५०

मुलांच्या गळतीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. आमच्या वर्गातले बरेचसे मित्र चौथीनंतर गुरं राखायला गेले. हुशार होते.

---

मंदार_कोथरूड | १९ जून, दुपारी १.२०

थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका. प्रत्येकाला गणित आलंच पाहिजे हा अट्टहास का? मी आयटीत आहे, दहावीनंतरचं गणित मला एकदाही लागलेलं नाही. गाता न येणाऱ्या मुलाला आपण नापास करत नाही. आठवीनंतर गणित ऐच्छिक करा, मुलं सुखी होतील, शिक्षकही. दहावीला बीजगणित-भूमितीच्या धसक्याने शाळा सोडणारी मुलं मी पाहिली आहेत. राज्याच्या २०२४ च्या अभ्यासक्रम आराखड्यातही गणित-विज्ञानात ३५ पेक्षा कमी पण २० किंवा जास्त गुण असतील तर गुणपत्रिकेवर शेरा देऊन पुढे जाऊ द्यावं असं आलंच होतं. त्यात चूक काय?

---

कोकणकडा | १९ जून, दुपारी ३.०२

मंदार, रागावत नाही, पण तेरा वर्षांच्या मुलाचा रस्ता कोण ठरवणार? मी स्वतः दहावीला सामान्य गणित घेतलेली मुलगी. आमच्या वर्गशिक्षकांनी पालकसभेत सांगितलं, "हिला झेपणार नाही, सोपं घ्या, टक्के वाढतील." टक्के वाढले. पुढे विज्ञानाला जायचं म्हटल्यावर कॉलेजच्या खिडकीवरूनच परत पाठवलं. वाणिज्य केलं. आज मी एका पतसंस्थेत कर्जाचे हप्ते, घटत्या शिलकीवरचं व्याज दिवसभर मांडते, आणि मला ते उत्तम जमतं. म्हणजे गणित झेपत होतं. झेपत नाही हा निष्कर्ष कुणी, कशावरून काढला?

आणि हा निष्कर्ष मुलींच्या बाबतीत फार लवकर काढला जातो. भावाला शिकवणी, मला सोपा पर्याय.

सामान्य गणित नव्या अभ्यासक्रमात बंद झालं, तेव्हा मला आनंद झाला होता. पण पर्याय बंद केला आणि मुलांना आधार काहीच दिला नाही तर तेही तितकंच वाईट. २० गुणांवर पुढे ढकलल्याने मूल दहावीत अडकणार नाही हे मान्य. पण त्याची वजाबाकी दुसरीत अडकली होती, ती तशीच राहील.

---

मंदार_कोथरूड | १९ जून, दुपारी ३.४०

शेवटचं वाक्य पटलं. अंकगणित सगळ्यांना यावं याबद्दल माझा वाद नाही. त्रिकोणमितीबद्दल आहे.

---

बे_एरियाकर | १९ जून, रात्री ८.१०

इथला अनुभव सांगतो, कारण इथे हा वाद जाहीर झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ पासून आठवीतलं बीजगणित बंद करून ते सगळ्यांसाठी नववीत नेलं. हेतू चांगला होता: हुशार-ढ अशा वेगळ्या तुकड्या लवकर पडू नयेत, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं मागे पडू नयेत. झालं असं की ज्यांना परवडत होतं त्या पालकांनी बाहेर पैसे भरून मुलांना बीजगणित शिकवलं. त्यांत आपले भारतीय पालक भरपूर. मार्च २०२४ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने कौल दिला की आठवीत बीजगणित परत आणा.

माझी मुलं शेजारच्या गावात शिकतात, पण सॅन फ्रान्सिस्कोतल्या मित्रांकडे हेच पाहिलं. वरच्यांना थांबवून खालच्यांना काही मिळत नाही. गोदाकाठ, तुमच्या त्या दहा-बारा मुलांना पुढे जाऊ द्या, आणि उरलेल्यांना जास्तीचा वेळ द्या. जास्तीचा, त्यांच्या खेळाच्या तासातून कापलेला नव्हे.

---

खडूफळा | १९ जून, रात्री ९.०५

खेळाचा तास कापायचा नाही या मुद्द्याला माझे दोन हात वर. कच्च्या मुलांना मधल्या सुट्टीत बसवणारी शाळा त्यांना गणिताचा रागच शिकवते.

---

निशिगंधा_म | २० जून, सकाळी ११.३०

एक बाजू राहिलीय. काही मुलांना गणन-अक्षमता असते, म्हणजे डिस्कॅल्क्युलिया. माझा धाकटा त्यातला. गोष्टी छान सांगतो, चित्रं काढतो, पण पाचवीत असतानाही समोर ठेवलेल्या सात गोट्या मोजल्याशिवाय सात म्हणायचा नाही. हाताची बोटं दर वेळी पहिल्यापासून मोजायचा. आधीच्या शाळेत आळशी म्हणून शिक्षा व्हायची. मग सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अध्ययन-अक्षमता विभागाबद्दल कळलं. तिथे तपासणी आणि चाचण्या होऊन प्रमाणपत्र मिळालं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता स्पष्टपणे घेतली आहे. दहावीला अशा मुलांना जादा वेळ मिळतो, आणि राज्य मंडळात खालच्या इयत्तेच्या पातळीचं गणित घेण्याची सोयही आहे. खेड्यापाड्यात हे पोचतच नाही. सगळी मागे पडलेली मुलं अशी नसतात, उलट फार थोडी असतात, पण वर्गात एखादं असू शकतं. ज्याला ठोकळे, काड्या, सरळ एक वर्षाची मेहनत यांनीही फरक पडत नाही त्या मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहा, एवढी विनंती.

---

ऊसपट्टा | २० जून, दुपारी ४.४५

आमच्याकडचा प्रश्न निराळा. मी बीड जिल्ह्यातल्या वाडीवर द्विशिक्षकी शाळेत आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुलं आईवडिलांबरोबर साखर कारखान्यावर. परत येतात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. मधल्या काळात वर्गात अपूर्णांक, दशांश, भागाकार सगळं होऊन गेलेलं असतं. गावात हंगामी वसतिगृह चाललं आणि आजी-आजोबांनी ठेवून घेतलं तर मूल राहतं, नाहीतर गेलं. आणि दर वर्षी गेलं. म्हणजे चौथीच्या मुलाने भागाकार हा शब्द फक्त ऐकलेला असतो.

आम्ही एक केलं. प्रत्येक मुलाची एक वही, त्यात त्याला काय येतं याची यादी: शंभरपर्यंत मोजणं, हातच्याची बेरीज, हातच्याची वजाबाकी, दोनचा-पाचचा-दहाचा पाढा, तीन अंकी भागिले एक अंकी... ज्या दिवशी आलं त्या दिवशी मुलाने स्वतः टिक करायची. मूल परत आलं की त्या वहीपासून सुरुवात, वर्ग कुठे पोचलाय त्याच्याशी संबंध नाही. काही मुलं वही फडावर घेऊन गेली आणि मोठ्या बहिणींनी पुढचं शिकवून आणलं. त्या पोरींचं कौतुक करायला माझ्याकडे शब्द नाहीत.

---

गणितवेडा | २० जून, रात्री १०.३०

सुंदर प्रतिसाद येतायत. "ते दुकानातलं आहे, हे गणित आहे" यावर थोडं लिहायचंय.

२०२५ मध्ये नेचर या नियतकालिकात एक अभ्यास आला, बॅनर्जी-डुफ्लो त्यातही आहेत. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात भाजी वगैरे विकणाऱ्या मुलांना संशोधकांनी गिऱ्हाईक बनून अवघड वजन-भाव दिले. मुलांनी तोंडी हिशोब बिनचूक केले. तीच आकडेमोड कागदावर शाळेसारखी मांडून दिली तर बहुतेकांना जमेना. आणि शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं अगदी उलट. गोदाकाठ, तुमच्या मुलाने एका वाक्यात तेच सांगितलंय. म्हणून त्याला दुकानातली पद्धत विचाराच. चौदा कसे आले? बहुधा म्हणेल, अडतीसला दोन घातले की चाळीस, तिथून बारा. ही पद्धत फळ्यावर त्याच्या नावाने लिहा आणि संख्यारेषेवर उड्या मारून दाखवा. मग ठोकळे, मग उभी मांडणी. तिन्हीत चौदाच यायला हवेत हे त्याने स्वतः तपासायचं.

अपूर्णांकांनाही हेच लागू. १/३ मोठा की १/४ विचारलं तर पुष्कळ मुलं १/४ म्हणतात, कारण चार मोठे. १/२ + १/३ चं उत्तर २/५ देतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात समान वाटणीतून अपूर्णांक शिकवण्यावर बरंच काम झालंय. त्यातलं एक मी शेजारच्या मुलांबरोबर करून पाहिलं. एका पंगतीत चार जण, तीन भाकरी. दुसऱ्या पंगतीत तीन जण, दोन भाकरी. सगळ्यांना सारखं वाढायचं. तू कुठे बसशील? पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "पहिल्या पंगतीत पुरी भाकरी व्हायला पाव कमी पडतो. दुसरीत तिसरा हिस्सा कमी. पाव बारका, म्हणून पहिलीत बसते." लसावि नाही, तिरकस गुणाकार नाही, आणि तर्क अगदी चोख. छेद समान करायची रीत नंतर शिकवावी लागते हे खरं, पण या मुलीला ती कशासाठी आहे ते समजतं.

---

तिसरीची_आई | २० जून, रात्री १०.४८

आज जेवताना विचारलं. लेक म्हणाली, जिथे भाजी चांगली तिथे बसेन. :)

पण मग खरंच भाकरी मोडून बसलो दोघी. तिला पाऊण कळला.

---

पैलतीर | २१ जून, सकाळी ९.२०

संख्यानामांचा वाद आठवतो का? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर "वीस एक" असं वाचन दिलं आणि विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. डॉ. मंगला नारळीकर गणित समितीच्या प्रमुख होत्या, त्यांनी शांतपणे बाजू मांडली होती. टीव्हीवर थट्टाच जास्त झाली. पहिलीच्या वर्गात बसून पाहिलं तर तो मुद्दा पटतो. त्रेसष्ट ऐकलं की मूल आधी ३ लिहितं, मग ६. एकोणसाठ म्हटलं की साठ कानावर पडतो आणि ६९ लिहिलं जातं. जुनी नावं जाऊ नयेत असं मलाही वाटतं. पण ज्या मुलाला घरी ती नावं ऐकायलाच मिळत नाहीत, भिलोरी किंवा कोरकू बोलणारं घर आहे, त्याला सुरुवातीला "साठ आणि तीन" ही पायरी दिली तर बिघडतं काय?

---

आबा_सोलापूरकर | २१ जून, सकाळी १०.००

त्या वेळी मी विरोधात पत्र लिहिलं होतं. पायरी म्हणून असेल तर हरकत नाही. पण मूल त्या पायरीवरच राहू नये, तिसरीपर्यंत त्रेसष्ट आलाच पाहिजे.

---

पैलतीर | २१ जून, सकाळी १०.१२

मान्य, आबा.

---

सेमीवाली_टीचर | २१ जून, संध्याकाळी ५.३०

या धाग्यावर सेमी इंग्लिशबद्दल कुणी बोललं नाही याचं नवल वाटतं. मी शहरातल्या अनुदानित शाळेत आहे. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. पालकांचाच आग्रह असतो आणि त्यामागचं कारण मला कळतं, पुढे सगळं इंग्रजीतून आहे. पण माझ्या सातवीत अशी मुलं आहेत की नुसती आकडेमोड दिली तर सगळी बरोबर, शाब्दिक उदाहरण दिलं की कोरा कागद. मराठीत सांगितलं की लगेच सोडवतात. आम्ही त्याला गणितात कच्चा म्हणतो, आणि प्रत्यक्षात त्याला प्रश्नच वाचता आलेला नसतो.

मी आता प्रत्येक शाब्दिक उदाहरण आधी मराठीत मुलांकडूनच सांगून घेते. काय दिलंय, काय काढायचंय, उत्तर अंदाजे केवढं येईल. अंदाज फळ्यावर लिहून ठेवायचा. मग इंग्रजी वाक्य परत वाचायचं. वेळ जातो. पण जी मुलं तोंडच उघडत नव्हती ती वाद घालायला लागली आहेत, हे फार आहे.

---

कोकणकडा | २१ जून, संध्याकाळी ६.१०

अंदाज आधी लिहिण्याची कल्पना फारच आवडली. ५२ मधून ३८ म्हणजे साधारण पन्नासमधून चाळीस, दहाच्या आसपास. मग २६ दिसलं की मुलालाच खटकेल.

---

मंदार_कोथरूड | २१ जून, रात्री ९.००

मी आकडे शोधत बसलो. ग्रामीण मुलांना काय येतं हे तपासणाऱ्या असर पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी भागिले एक अंकी भागाकार आला. सत्तर टक्के मुलांना येत नाही तर ही मुलांची कमी कशी म्हणायची? माझा सुरुवातीचा मुद्दा ऐच्छिक करण्याचा होता. तो नववीपुढच्या काही भागापुरता अजूनही आहे. केंद्रीय मंडळात (सीबीएसई) २०२० च्या दहावी परीक्षेपासून गणिताच्या बेसिक आणि स्टँडर्ड अशा दोन पातळ्या आहेतच. पण आठवीपर्यंतचं गणित प्रत्येक मुलाच्या हक्काचं आहे, यावर आता मीही ठाम आहे.

एक प्रश्न: हे सगळं शिक्षकाने एकट्याने करायचं? आमच्या ऑफिसातली काही जण शनिवारी वेळ देऊ शकतात. कुणाला उपयोग होईल?

---

ऊसपट्टा | २१ जून, रात्री ९.३५

शनिवारी येऊन "मार्गदर्शन" करणारे पुष्कळ येतात, फोटो काढून जातात. तुम्ही तसे नाही हे दिसतंय, म्हणून स्पष्ट लिहितो. एकच शाळा धरा, वर्षभर तीच धरा, आणि शिक्षकाला विचारून चार मुलं घ्या. त्यांच्याबरोबर बसा, पत्ते खेळा, दहाच्या जोड्या लावा, दुकान-दुकान खेळा. नवीन काही शिकवू नका. सरावाला माणूस कमी पडतो आम्हाला. शिवाय आमचे कितीतरी दिवस मतदार याद्या, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जातात. गणितासाठी काही करायचं असेल तर ते दिवस वाचवा अशी मागणी तुम्ही शहरातल्यांनीही करा. आमचं एकट्याचं कुणी ऐकत नाही.

---

मंदार_कोथरूड | २१ जून, रात्री ९.५०

नक्की. मुळशीकडची एक शाळा माहितीची आहे, तिथल्या बाईंशी बोलतो. वर्षभर तीच.

---

गणितवेडा | २१ जून, रात्री ११.००

गोदाकाठ यांच्या दुसऱ्या अडचणीवर, म्हणजे तयार मुलांवर, कमी चर्चा झाली. एनसीईआरटीने २००६ मध्ये प्रा. आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखाली गणित अध्यापनावर एक आधारपत्र काढलं होतं. त्यात नेमकं हे आहे: बहुसंख्य मुलांमध्ये गणिताची भीती आणि अपयशाची भावना, आणि त्याच अभ्यासक्रमाने मोजक्या हुशार मुलांचीही निराशा. दोघांचं दुखणं एकाच जागचं आहे. सगळ्यांना एकच उत्तर असलेला, एकाच रीतीने सोडवायचा प्रश्न.

तासाची सुरुवात अशा प्रश्नाने करून पाहा, ज्यात प्रत्येकाला काहीतरी करता येईल. उदाहरणार्थ: "१, २, ३, ४ हे अंक एकेकदा वापरून दोन दोन-अंकी संख्या बनवा. त्यांची वजाबाकी सगळ्यात लहान कधी येईल?" ज्याला हातचा कच्चा आहे तो वजाबाकीचा सराव करतो, आणि त्याला वेगळी सोपी उदाहरणं दिलेली नसतात म्हणून लाजत नाही. तयार मुलगी सगळ्या जोड्या तपासून का, हे शोधत बसते. उत्तर मुद्दाम लिहीत नाही.

---

तिसरीची_आई | २१ जून, रात्री ११.२०

३१ − २४ = ७. बरोबर का? झोप उडवलीत हो!

---

गणितवेडा | २१ जून, रात्री ११.२४

बरोबर! आता १ ते ६ अंक घेऊन तीन अंकी दोन संख्या.

---

गोदाकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री ८.१५

मंडळी, धागा वर काढतेय. तुम्ही एवढं भरभरून लिहिलंत, त्याचं काय झालं ते सांगायलाच हवं.

मुख्याध्यापकांशी बोलून रोज शेवटचा तास पाचवी-सहावी-सातवीचा एकत्र केला. तोंडी चाचणी घेऊन गट पाडले. दुसरे गुरुजी सोबत आले म्हणून जमलं, एकटीने अशक्य होतं. ऊसपट्टा यांची टिकची वही जशीच्या तशी उचलली. सुरुवातीला सातवीची मुलं पाचवीच्या मुलांबरोबर बसायला तयार नव्हती. एक मुलगा तर दोन दिवस त्या तासाला पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसला. मग आम्ही गटांना क्रमांक देणं बंद केलं, जागांची नावं दिली: चिंचेखाली, ओसरीवर, वर्गात. आणि मोठ्या मुलांना दुकानदार केलं, खोट्या नोटा त्यांच्या ताब्यात. तो मुलगा आता नोटांचा हिशोब कुणाला हात लावू देत नाही.

५२ − ३८ वाल्या आमच्या पठ्ठ्याने "अडतीसला दोन, मग बारा" हीच रीत सांगितली, गणितवेडा म्हणाले तशी. फळ्यावर त्याचं नाव लिहिलं. आता ४०२ − १५८ करताना शतक सुटं करून मधला दशक मांडताना अजून अडखळतो, पण अंदाज आधी लिहितो, आणि उत्तर पटलं नाही तर स्वतःच खोडतो.

पोर्शन मागे आहे. सममिती आणि स्तंभालेख भरभर घेतले. अपूर्णांक पंगतीवरून शिकवले, ते मात्र मनासारखे झाले. निशिगंधाताई, एका मुलीबद्दल मला तुमच्या वर्णनाची आठवण येते. तिच्या आईवडिलांशी बोलले आहे, जिल्हा रुग्णालयात विचारणार आहोत.

आता एक अडचण. चिंचेखालच्या गटातून मुलाला पुढच्या गटात कधी हलवायचं? घाई केली तर परत यावं लागतं आणि ते त्याच्या जिवाला लागतं. उशीर केला तर तिथेच रमतो.

---

खडूफळा | २३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

ताई, वाचून फार समाधान वाटलं.

हलवण्याबद्दल: एकट्याला कधीच हलवू नका, दोघा-तिघांना एकत्र हलवा. आणि एकाच दिवशी बरोबर आलं म्हणून हलवू नका. त्याच प्रकारची उदाहरणं आठवड्याने, अधेमधे काही न सांगता, पुन्हा द्या. तेव्हाही आली आणि दुसऱ्या मुलाला समजावून सांगता आली की हलवायचं. परत यायची वेळ आलीच तर गट बदलू नका, नव्या गटातच त्याला ठोकळे वापरू द्या. सातवीत ठोकळे हातात घेतले म्हणून कुणी लहान होत नाही.

आणि ४०२ − १५८ साठी नोटा घ्या, ठोकळ्यांपेक्षा बऱ्या पडतात. शंभरच्या चार आणि दोन नाणी. दहाची एकही नाही, हे त्याला तिथे दिसतं. शंभरची एक मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून दहा नाणी. दुकानदार मुलाकडेच मोडायला पाठवा.

---

निशिगंधा_म | २३ नोव्हेंबर, रात्री १०.०५

गोदाकाठ, जिल्हा रुग्णालयात जाताना तिच्या मागच्या दोन वर्षांच्या वह्या सोबत न्या, आणि वर्गात काय काय करून पाहिलं ते एका कागदावर लिहून न्या. आमच्या वेळी त्याचा फार उपयोग झाला होता. काही लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.